ऊसतोडीच्या हंगामात आलेली मिशन टीम: बीड जिल्ह्यातलं एक प्रकरण

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका चर्चचं पत्र बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीला आलं. जानेवारीत बारा-चौदा जण येतील, दहा-बारा दिवस राहतील, मुलांसाठी बायबल कॅम्प घेतील, एखाद्या खेड्यात आरोग्य शिबिर भरवतील, शाळेची खोली रंगवतील आणि जाताना मुलांना भेटवस्तू वाटतील, असा त्यांचा बेत होता. खर्च सगळा त्यांचा. मंडळीनं राहण्याची सोय करायची, दुभाषे द्यायचे आणि 'गरजू मुलं' गोळा करायची.

पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, अडले ते या शेवटच्या मागणीवर. मंडळीतली घरं मोजकी, मुलं त्याहून मोजकी. गरजू मुलं म्हणजे बालाघाटाच्या डोंगरातल्या गावातली ऊसतोड कामगारांची मुलं, आणि त्यातली बहुतेक ख्रिस्ती नाहीत. मी समाजकार्य शिकवते, म्हणून नियोजनाला बसावं असं मंडळीनं सुचवलं. ही त्या नियोजनाची आणि पुढे जे घडलं त्याची नोंद. गाव, मंडळी आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

जानेवारीतलं गाव

जानेवारी का, तर त्या चर्चमधल्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना तेव्हा सुट्टी असते आणि आपल्याकडची हवाही बरी असते. दोन्ही कारणं खरी. पण या गावात जानेवारीत माणसंच नसतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम टोळ्या बांधतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यातच घेतलेली असते, बहुतेक वेळा लग्नासाठी, दवाखान्यासाठी किंवा आधीची उचल फेडण्यासाठी. मग ट्रॅक्टर भरतात आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, थेट कर्नाटकापर्यंत जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपेपर्यंत, गावात उरतात म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळकरी पोरं. आईबापाबरोबर उसाच्या फडात गेलेल्या पोराची शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. या गावात अशी चाळीसेक मुलं होती. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आज्जीकडे.

टीमचे पाहुणे ज्या मुलांना भेटणार होते, त्यांची आई दोन-अडीच महिन्यांपूर्वी गेलेली आणि परत यायला तितकेच महिने बाकी. त्यात बारा गोरी, हसरी, खेळकर माणसं येणार, पोरांना खांद्यावर घेणार, बारा दिवस जीव लावणार आणि निघून जाणार. सगळ्या प्रकरणाची मेख मला इथं दिसली. कायद्याच्या अडचणी नंतर आल्या आणि त्या सुटल्याही. ही अडचण पुरती सुटली असं आजही म्हणवत नाही.

तारीख पुढे ढकलता येईल का, असं विचारून पाहिलं. उत्तर नम्र होतं: तिकिटांचे पैसे लोकांनी देणगी म्हणून दिलेत, जानेवारीच धरून चालावं लागेल. तेव्हा महिना ठरलेलाच होता. त्या चौकटीत काय बसतं आणि काय बसत नाही, एवढंच आपल्या हाती होतं.

कागदपत्रं

मंडळीतल्या जुन्या माणसांना हा भाग फाफटपसारा वाटला. "मिशनरी काय आपल्याकडं आज आले का?" एक आजोबा म्हणाले. त्यांचं खरंच होतं. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ चा. १८६० च्या दशकात ते स्कॉटिश मिशनच्या वतीनं जालन्यात आले आणि जवळच बेथेल गाव वसवलं. १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत डोक्याला फेटा बांधलेला हा जालन्याचा पाळक बोलला होता. म्हणजे जाणं-येणं दोन्ही बाजूंनी जुनं आहे. पण शेषाद्री जालन्यात राहिले, दुष्काळ पाहिले, विहिरी आणि जमिनीचं पाहिलं. परतीचं तिकीट खिशात घेऊन येणाऱ्या सेवेचा रिवाज त्या मानानं अलीकडचा. ऑपरेशन मोबिलायझेशन, यूथ विथ अ मिशन अशा संघटनांमुळे तो १९६० नंतर बोकाळला.

आणि आजचे नियम वेगळे आहेत. ई-टुरिस्ट व्हिसावर महिनाभरापर्यंतचं, मोबदला न घेता केलेलं स्वयंसेवी काम चालतं. चर्चमध्ये उपासनेला बसता येतं, प्रवचन ऐकता येतं. मात्र धर्मप्रचार करणं, त्यासाठी प्रार्थनास्थळात भाषण देणं, पत्रकं वाटणं चालत नाही. मिशनरी कामाचा व्हिसा वेगळा असतो. बायबल कॅम्प टीमनं घेण्याचा प्रश्न इथंच मिटला. मंडळीला त्याहून जड गेलं ते व्यासपीठाचं. परदेशचा पाहुणा आला की त्याला 'दोन शब्द' बोलायला लावल्याशिवाय आपल्याकडे उपासना पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

पैशांचंही तसंच. मंडळीकडे परदेशी देणगी घेण्याची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी नव्हती. "शेजारच्या संस्थेच्या खात्यातून फिरवून घेऊ" ही सूचना आली, तशी ती नेहमीच येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही परदेशी देणगी दुसऱ्याकडे वळवता येत नाही. ती आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. वस्तूरूपानं दिलेलीही देणगीच धरतात, त्यामुळे शाळेला पाण्याचं फिल्टर किंवा रंगाचे डबे हेही बाद. उरली एक सरळ वाट. पाहुण्यांनी राहण्या-जेवण्याचे, गाडीचे पैसे बाजारभावानं द्यायचे. गावातल्या बचत गटानं स्वयंपाक केला, ताटाचा दर ठरवला, रोजची पावती दिली. माझ्या मते या भेटीतून गावात आलेला सगळ्यात सन्मानाचा पैसा तोच.

डॉक्टरीचंही बघावं लागलं. टीममध्ये एक नर्सबाई आणि एक दंतवैद्य होत्या. इथं तात्पुरत्या नोंदणीशिवाय परदेशी डॉक्टरला रुग्ण तपासता येत नाही. तेव्हा शिबिर तालुक्याच्या डॉक्टरांनी घ्यायचं आणि पाहुण्यांनी रांग, वजन, उंची आणि नोंदी बघायच्या, असं ठरलं.

मुलांना काय सांगायचं

हेडसरांनी एकच अट घातली आणि ती पक्की होती: वसतिगृहात धर्माचं काही नको. त्यांच्यामागे राज्यघटना उभी होती. कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही, आणि सरकारमान्य किंवा सरकारी मदतीवरच्या शाळेतही त्याची सक्ती करता येत नाही, मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. इथं पालक कुठं होते? सांगलीच्या फडात. फोनवर रात्री दोन मिनिटं बोलणं होतं, तेही रेंज असली तर. आज्जीचा अंगठा घेऊन काम भागवता आलं असतं आणि एक-दोघांनी तसं सुचवलंही. पाळकसाहेबांनीच ते मोडीत काढलं. "उद्या माझ्या लेकरांना माझ्या माघारी कुणी मंदिरात नेऊन आरती शिकवली तर मला चालेल का?" एवढं ते म्हणाले.

ठरलं असं. वसतिगृहात खेळ, वाचन, चित्रं, तेही शाळेचे शिक्षक आणि मंडळीतल्या दोन तायांच्या पुढाकारानं. पाहुणे मदतनीस. रविवारी मंडळीच्या आवारात मंडळीच्याच मुलांचं संडे स्कूल नेहमीसारखं, शिकवणार नेहमीच्याच बाई, पाहुणे मागच्या बाकावर.

हे कळवल्यावर व्हिडिओ कॉल झाला. टीमचा प्रमुख तरुण होता, मनानं चांगला. त्याचा प्रश्न रास्त होता: आमच्या लोकांनी पैसे दिलेत ते मुलांपर्यंत सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, जावी म्हणून, मी परत जाऊन त्यांना काय सांगू? माझं मत मी मांडलं आणि ते आजही तेच आहे. ज्या मुलाचे आईबाप सहा महिने दूर आहेत, त्याच्यापुढे खाऊ, खेळ, परदेशी माणूस आणि धर्म एकत्र ठेवणं ही सुवार्ता नव्हे. ते मूल आधीच भुकेलं आहे, अन्नाला नसेल तर माणसाला. प्रचार करण्याचा हक्क घटनेनं दिला आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. पण माझी हरकत कायद्याच्याही आधीची होती: 'नको' म्हणू शकणारं माणूस समोर असावं.

खोली रंगवण्यावर बोलताना होंडुरासचा दाखला दिला. १९९८ च्या मिच वादळानंतर उत्तर अमेरिकेतून मिशनच्या टोळ्या तिथं घरं बांधायला गेल्या. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञानं हिशोब मांडला, तर प्रवास धरून त्या टीमनी बांधलेलं घर सुमारे ३०,००० डॉलरला पडत होतं आणि स्थानिक ख्रिस्ती संस्था तसंच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये उभं करत होती. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात दोन्हींमुळे पडलेला फरक सारखाच. आमच्या गावात रंगारी आहे, जानेवारीत त्याला काम नसतं. त्याची रोजी पाहुण्यांनी घेऊ नये. हे त्या तरुणाला पटकन पटलं, उलट त्यानंच विचारलं की मग आम्ही यायचंच कशाला? मंडळीतलं कुणी काही बोललं नाही. शेवटी एक ताई म्हणाली, "आमच्याकडं कुणी येत नाही हो. या."

या उत्तरात दम आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. लहान मंडळीच्या माणसांना, ज्यांना गावात कधी कौतुक तर कधी संशय वाट्याला येतो, आपल्या विश्वासाचं माणूस इतक्या लांबून भेटायला आलं याचं मोल असतं. ते ताळेबंदात बसत नाही, म्हणून नाकारण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्षात

पाहुणे आले त्या रात्रीच फॉर्म सी ऑनलाइन भरला. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत ही माहिती द्यावी लागते. चौथ्या दिवशी पोलीस आले. 'धर्मांतर चाललंय' असा तोंडी अर्ज गेला होता. फौजदारांनी पासपोर्टच्या प्रती, फॉर्म, हेडसरांचं पत्र पाहिलं, वसतिगृहात डोकावले. आत लंगडीचा डाव रंगला होता आणि एक सहा फुटी अमेरिकन पोरगा बाद होऊन बसला होता. चहा घेऊन ते गेले. कागद पुरे नसते तर तो दिवस वेगळा गेला असता, आणि पाहुणे विमानात बसल्यावरही मंडळीला तो दिवस वर्षानुवर्षं भोवला असता. बाहेरून येणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. जोखीम यजमानाच्या घरी मुक्कामाला राहते.

आरोग्य शिबिराला बायका आल्याच नाहीत. सकाळभर फक्त म्हातारे. गावच्या आशा सेविकेनं, आशाताईंनी, कारण सांगितलं: "तपासायला बोलावतेत अन् पिशवी काढा म्हणतेत." बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. कॅन्सर होईल अशी भीती घालून अनेकींना टेबलावर घेतलं होतं. त्या जिल्ह्यात अनोळखी डॉक्टरांनी मांडलेल्या मांडवाकडे बाईनं पाठ फिरवली, तर तिला अडाणी कसं म्हणायचं? दुपारी आशाताईंनी मांडव सोडला आणि दंतवैद्य बाईंना घेऊन त्या ओट्यांवर बसायला गेल्या. तपासणी नाही, नुसत्या गप्पा, विषय मिश्री. तंबाखूची मिश्री हिरड्यांना काय करते हे बाईंनी चित्र काढून दाखवलं. एका आज्जीनं सगळं ऐकून घेतलं आणि डबी पुढे केली: "घ्या की जराशी." बाई इतक्या हसल्या की पुढचे दोन दिवस ओट्यावर गर्दी होती. मिश्री किती जणींची सुटली? बहुधा कुणाचीच नाही. दोघी मात्र आशाताईंबरोबर तालुक्याला तोंडातले चट्टे दाखवून आल्या.

मुलांचा भाग जपून आखला होता. पहिल्या सकाळीच फळ्यावर पाहुण्यांच्या मुक्कामाचे दिवस मांडले. रोज एका मुलानं एक दिवस खोडायचा. कुणीही पाहुणा एकट्या मुलाबरोबर थांबणार नाही. उचलून घेणं, मांडीवर बसवणं टाळायचं, अगदी पोरं लगटली तरी. चेहरे दिसतील असे फोटो नाहीत. हा शेवटचा नियम पाहुण्यांना काचला. त्यांच्यापेक्षा जास्त काचला तो पोरांना, कारण सेल्फी त्यांनाच हवा होता. दोन वेळा नियम मोडला, दोन्ही वेळा मोडणारे आमच्या मंडळीचे दुभाषे होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पाहुण्यांचं नवल ओसरलं आणि काम सुरू झालं. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका पाहुणीनं तायांना एक साधी रीत दाखवली: गोष्ट अर्ध्यावर थांबवायची आणि पुढचं चित्र मुलांनी काढायचं. गोष्टी इथल्याच, मराठीतल्याच, सांगणाऱ्या तायाच. एक सुतारकाम जाणणारा पाहुणा गावच्या सुताराच्या हाताखाली राहिला. भाषेवाचून दोघांनी पुस्तकं ठेवायचा लाकडी घोडा ठोकला. बाकीच्या कॉलेजच्या मुलांना करायला फारसं काही नव्हतं. ती लंगडी शिकली, खो-खोत हरली, भांडी घासली. एक-दोघं वैतागलीही. इतके पैसे खर्चून भांडी घासायला आलो का, हा सूर शेवटच्या बैठकीत निघाला.

आठव्या-नवव्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीनं त्या शिक्षिकेला दुभाष्यामार्फत विचारलं, "तुम्ही पण पट्टा पडल्यावरच येणार का?" दुभाष्याला भाषांतर करायला वेळ लागला. शिक्षिकेनं खरं उत्तर दिलं: मी येईन असं सांगू शकत नाही. आदल्या रात्रीच आम्ही ठरवलं होतं, 'पुढच्या वर्षी नक्की' हे वाक्य कुणीही बोलायचं नाही. मुलगी मान हलवून जेवायच्या रांगेत गेली. शेवटच्या दिवशी तीन-चार मुलं शाळेतच आली नाहीत, त्यांत ती होती. फळ्यावरच्या दिवसांचा उपयोग झाला, असं तायांना वाटतं: निघण्याच्या वेळी रडारड झाली नाही. मी त्याचा अर्थ इतका सोपा लावणार नाही. या मुलांना निरोपाची सवय आहे. ट्रॅक्टर निघताना बरीच पोरं घराबाहेरच येत नाहीत.

वाटप झालं नाही, त्यावरून सरपंच नाराज होते. "फॉरेनचे पाहुणे आले अन् हात हलवत गेले?" त्यांचं वाटणं समजण्यासारखं आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शेजारच्या लातूर-धाराशिवमध्ये गाड्या भरभरून मदत आली, ते पाहिलेली ही पिढी. परदेशी माणूस म्हणजे काहीतरी घेऊन येणारा माणूस, हा हिशोब तिथून पक्का झालाय. टीमनंही खेळण्यांच्या दोन बॅगा आणल्याच होत्या, आम्ही नको म्हणूनसुद्धा. त्या तशाच परत गेल्या. यावर मंडळीत अजून दोन मतं आहेत आणि माझं मत तिथं अल्पमतात आहे.

नंतर

एप्रिलमध्ये आईबाप परतले. पाळकसाहेब आणि हेडसर दोघांनी मिळून पालकांची बैठक घेतली, काय झालं ते सांगितलं. एका बापानं विचारलं, "आम्हाला आधी कामून नाही विचारलं?" फोनवर विचारलं होतं, पण हजारभर उसाच्या मोळ्यांच्या मध्ये विचारलेल्या प्रश्नाला माणूस 'हो हो' म्हणतो. घोडा वापरात आहे. अर्धी गोष्ट आणि अर्ध्या चित्राची रीत एका ताईनं पुढे चालवली, दुसरीचं लग्न होऊन ती परभणीला गेली.

त्या चर्चनं मागच्या महिन्यात पुन्हा लिहिलं. या वेळी वीस जणांना यायचं आहे, जानेवारीतच. मंडळीनं बराच खल करून उत्तर धाडलं: चारपेक्षा जास्त नकोत, यायचं तर ऑगस्टमध्ये, मुकादमाच्या टोळ्या निघण्याआधी, म्हणजे पालकांना समोरासमोर विचारता येईल, खेळण्यांच्या बॅगा नकोत, आणि टीमपैकी निदान एकानं आधी मराठीचे शंभर-दीडशे शब्द शिकून यावं. ऑगस्टमध्ये तिकडची कॉलेजं सुरू होतात, त्यामुळे तरुणांचा गट गळाला. तो प्रमुख नेपाळचा विचार करतोय म्हणे. तिथं २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे पाळकसाहेबांनी त्याला लगेच कळवलं. निवृत्त शिक्षिका आणि सुतारकाम करणारे गृहस्थ या दोघांनी होकार दिला आहे. हेडसरांची नवी अट अशी की शिक्षिकाबाईंनी मुलांना भेटण्याआधी पालकांच्या बैठकीत बसावं आणि प्रश्नांना स्वतः उत्तरं द्यावीत. दुभाष्या म्हणून परभणीच्या ताईला बोलावणं धाडलं आहे.